आठची गोळी

दर रविवारी सकाळी मी नंदूमामाला घेऊन फाशीच्या डोंगरावर जाते. बाहेरगावच्या माणसाला नाव ऐकूनच कसंतरी होतं, पण नाशिककरांना माहितीये, सातपूरच्या बाजूला आहे, आणि २०१५ पासून तिथे लोकांनी देशी झाडं लावून देवराई उभी केलीये. आता खरी देवराई अशी लावून होत नाही. तिला शेकडो वर्षं लागतात आणि एक देव लागतो, तोही कडक, म्हणजे काळकाई नाहीतर वाघजाईसारखी देवी, जिच्या भीतीने कोणी वाळकी काटकीसुद्धा उचलून घरी नेत नाही. इथे तसली देवी नाही, उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून धावपळ करणारी माणसं आहेत. पण नाव देवराईच पडलं आणि मामाला ते नाव आवडतं. गाडीतून उतरला की तो आधी बाटल्या मोजतो. चार. मग ठरलेल्या चार झाडांना पाणी घालतो, पावसाळ्यात धो धो पाऊस चालू असला तरी घालतोच, आणि मग एका दगडावर अर्धा पाऊण तास बसतो. बोलत नाही. मी मोबाईल बघत बसते.

मागच्या रविवारी तिथे एक मुलगा भेटला, पंचविशीचा असेल, ट्रेकिंगचे बूटबिट घातलेला, बोलायला चांगला होता. मामाला म्हणाला, काका रोज येत जा इथे, झाडांत राहिलं ना की डिप्रेशन-बिप्रेशन सगळं पळतं, गोळ्यांची गरजच पडत नाही. मामा म्हणाला, "हो का?" छत्तीस वर्षं गोळ्या घेणारा माणूस आहे तो. खाली उतरून गाडीत बसलो, आयटीआय सिग्नलपर्यंत गप्पच होता, मग एकदम म्हणाला, "त्या झाडांना पण उन्हाळ्यात टँकर लागतो. त्याला सांगायला पाहिजे होतं."

मी इतकी हसले की मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. पण घरी येईपर्यंत डोक्यात तो सिनेमाच फिरत होता.

सिनेमा म्हणजे 'देवराई'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००४ चा. अतुल कुलकर्णी त्यात शेष आहे, कोकणातला, अतिशय हुशार, गावाजवळच्या देवराईच्या नादाने झपाटलेला, आणि हळूहळू स्किझोफ्रेनियाने आजारी पडत गेलेला. सोनाली कुलकर्णी त्याची बहीण सीना, जी त्याला शहरात आपल्या घरी घेऊन येते. आमच्याकडे तो आला व्हीसीडीवर, बाबांनी भाड्याने आणलेला, दोन चकत्या. तेव्हा आम्ही सिडकोत राहायचो, दोन खोल्यांचं घर, त्यातली आतली खोली मामाची. आजी गेल्यावर १९९४ साली मामा पंचवटीतून आमच्याकडे आला तो आलाच. म्हणजे सीनाच्या जागी आमच्याकडे आई होती. फक्त आईला कोणी सिनेमात घेतलं नसतं, ती दिवसभर शिलाई मशीनवर फॉल-पिको करायची.

तर पहिली चकती संपली तेव्हा घड्याळात आठ वाजले होते. आई उठली, मामाची आठची गोळी काढली, पाणी दिलं, त्याने गिळली का ते बघितलं (तोंड उघडायला लावून, लहान मुलासारखं, हे मला तेव्हा फार लाजिरवाणं वाटायचं), पोळ्यांचा तवा ठेवला. तोपर्यंत बाबांनी दुसरी चकती लावून टाकली होती. आई पदराला हात पुसत परत आली आणि विचारलं, "काय झालं मधे?" आम्ही कोणी नीट सांगू शकलो नाही. सगळे रडत होतो.

मामा दारात उभा राहून बघत होता. बस म्हटलं तरी बसला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "हा ॲक्टिंग करतोय. पण हात बरोबर केलेत." मी नंतर दोनदा फक्त हात बघण्यासाठी तो सिनेमा पाहिला.

एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. या सिनेमाच्या मागे जगन्नाथ वाणी होते, मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक, आणि त्यांच्या पत्नीला स्वतःला हा आजार होता. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली ती त्यांनीच. हे वाचलं तेव्हा वाटलं, बरोबर, तरीच. घरात हा आजार असल्याशिवाय काही गोष्टी सुचतच नाहीत माणसाला. बाहेरच्याला वेड म्हणजे आरडाओरडा वाटतो, केस विस्कटलेले, खो खो हसणं, आपल्या जुन्या सिनेमांनी तेच तर दाखवलं. घरातल्याला माहिती असतं की वेड म्हणजे जास्त करून वाट बघणं आहे. आंघोळीला जाईल का, जेवेल का, आज बोलेल का, दारात चपला आहेत ना.

मामाचं सुरू झालं १९८९ ला. सव्वीस वर्षांचा होता, आयटीआय झालेला टर्नर, सातपूरला एका कंपनीत लागलेला, लग्नासाठी मुली बघणं चालू. एक दिवस घरी येऊन म्हणाला की लेथ मशीन माझं नाव घेतं. आजीला वाटलं थट्टा करतोय. मग मशीन त्याचं पूर्ण नाव घ्यायला लागलं, वडिलांच्या नावासकट, आणि मग शिव्या द्यायला लागलं. आता मला माहितीये की हा आजार साधारण याच वयात, विशीच्या आसपास नाहीतर विशीत, तोंड वर काढतो, आणि आवाज खरे ऐकू येतात, म्हणजे माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या मेंदूला ते खरंच ऐकू येत असतं. तेव्हा कोणाला काय माहिती. आमच्याकडे त्र्यंबकेश्वर तासाभरावर, अख्ख्या महाराष्ट्रातून लोक तिथे नारायण नागबळी करायला येतात, आपण तर जवळचे. तीन दिवसांचा विधी झाला. मामा तीनही दिवस शांत होता, सगळ्यांना वाटलं उतार पडला. चौथ्या दिवशी तो कंपनीत गेला आणि मशीनला मारून हात फोडून आला.

मग डॉक्टर. मग गोळ्या, त्या गोळ्यांनी हात थरथरायचे म्हणून थरथर थांबवायची वेगळी गोळी. नोकरी गेली.

आणि मग सुरू झालं सल्ल्यांचं. मला आठवतंय तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहा संपायच्या आत एकच गोष्ट सांगायचा, याला कुठेतरी मोकळ्या हवेत ठेवा. शब्द वेगवेगळे. हवापालट करा. शेतावर ठेवा. नर्मदा परिक्रमेला पाठवा. विपश्यनेला पाठवा, इगतपुरी तर काय इथेच आहे. एकदा बाबांनी खरंच इगतपुरीचा फॉर्म आणला होता, तर त्यात आधीच विचारलेलं, मानसिक आजार आहे का, औषधं चालू आहेत का. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ते दहा दिवसांचा कोर्स करू नका असं स्वतःच सांगतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं या बाबतीत. जे चहा पिता पिता सांगतात त्यांना हे माहिती नसतं, आणि जे खरोखर ध्यान शिकवतात त्यांना माहिती असतं.

तरी मोकळ्या हवेचा प्रयोग झालाच. १९९७, मी तेरा वर्षांची. दसरा झाल्यावर मामाला दिंडोरीकडे नेऊन सोडलं, बाबांच्या नात्यातल्या एकांच्या द्राक्षबागेवर. आईने प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या भरून दिल्या, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, सकाळी ही, रात्री आठला ही. जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू, मागे डोंगर, विहीर, आंब्याचं मोठं झाड. ज्यांच्याकडे ठेवलं ती माणसंसुद्धा वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. त्यांना मनापासून वाटलं की इतकी छान हवा आहे, घरचं दूध आहे, मग हे विष कशाला, डोकं जड होतं त्याने, दिवसभर झोपतो. म्हणून बंद केल्या.

पहिला महिना म्हणे मामा एकदम टवटवीत होता. कामाला हात लावायचा, हसायचा, झाडांशी बोलायचा आणि ते सगळ्यांना गोड वाटायचं. मग ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, द्राक्षाला तेव्हा सारखं औषध मारावं लागतं, ढगाळ हवा आली की डाउनी नावाच्या बुरशीच्या भीतीने दिवसाआड, रात्रीसुद्धा ट्रॅक्टरला ब्लोअर लावून. मामाला वाटायला लागलं की ते औषध त्याच्यासाठी आहे. धूर त्याच्या खोलीकडे सोडतात. मग विहिरीचं पाणी सोडलं. मग जेवण. रात्र रात्र आंब्याखाली बसायचा कारण झाड त्याला सांगायचं, की आता आले बघ. बागेला औषध वेळच्या वेळी आणि माझ्या भावाला बंद, हे वाक्य आई आजही म्हणते, रागाने नाही, वाटाणे सोलता सोलता.

जानेवारीच्या शेवटी बाबा त्याला घेऊन आले तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. दाढी, डोळे आत, कपडे लोंबणारे. आईने पहिल्यांदा काय केलं असेल तर तो गोळ्यांचा डबा उघडला. जवळजवळ भरलेला. ती खाली बसून गोळ्या मोजायला लागली, एक एक, पूर्ण मोजल्या. मग तीन आठवडे हॉस्पिटल.

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ते लिहिते. ते चार महिने मी खूप सुखात होते. आतली खोली मला मिळाली होती. पहिल्यांदाच मैत्रिणी घरी आल्या, मी भिंतीवर पोस्टर लावलं, रात्री कोणी येरझारा घालत नव्हतं. मला मनापासून वाटायचं की मामा तिथे बरा होतोय, निसर्गात, किती छान. तो कायमचा तिथेच बरा होत राहावा असं मला वाटायचं. मोकळी हवा नक्की कोणाला मिळाली होती हे समजायला मला तो सिनेमा लागला, कारण 'देवराई'त जंगल इतकं देखणं असून शेष तिथे बरा होत नाही. त्याचं बिघडतं ते तिथेच. देवराई त्याच्या भासांमध्ये शिरते, आमच्या आंब्याच्या झाडासारखी. जंगल त्याचं काही वाईट करत नाही, फक्त तो बुडत असताना त्याला हाक मारणं जंगलाला येत नाही. ते सीनाला करावं लागतं, स्वतःचा संसार ओढत, चिडत, थकत. सोनाली कुलकर्णीचं मला तेच आवडलं, ती देवी झालेली नाही.

आपल्याला नाशिककरांना खरं तर हे कळायला हवं. आपलं अख्खं गाव वनवासाच्या गोष्टीवर उभं आहे, पंचवटी, तपोवन, सीता गुंफा, लक्ष्मणाने नाक कापलं तेही इथेच म्हणतात. पण रामसुद्धा वनात एकटा गेला नव्हता. बरोबर बायको होती, भाऊ होता, आणि भाऊ रात्री जागा राहायचा म्हणतात. आम्ही मामाला पाठवलं ते एकट्याला. त्याला वनवास म्हणत नाहीत.

२००३ च्या सुमाराला नवीन डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. या गोळीचं असं आहे की तिने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. लॅबवाला मामाला 'आले का शेठ' म्हणायचा. वजन वाढलं, झोपेत लाळ गळायची म्हणून उशीवर टॉवेल. पण आवाज लांब गेले. गेले नाहीत, लांब गेले, मामाचाच शब्द आहे, शेजारच्या गल्लीत लग्न चालू असल्यासारखे. आणि त्यानंतर गंमत म्हणजे तो पुन्हा झाडांकडे वळला. आधी बाल्कनीतली तुळस, मग सोमेश्वरपर्यंत चालत जाणं, मग अंजनेरी, तिथे पावसानंतर बारीक बारीक फुलं येतात ती बघायला, मग ही देवराई. म्हणजे झाडांचं वेड काही आजाराचं नव्हतं, मामाचंच होतं. आजाराने ते मधे उसनं नेलं होतं. हे जंगल-बिंगल खोटं आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही, डोंगरावर त्या दगडावर बसलेला असताना त्याचे खांदे खाली येतात, मी बघते ना दर आठवड्याला. पण आठची गोळी आदल्या रात्री पोटात गेलेली असते म्हणून येतात.

भावे-सुकथनकर याच दोघांचा 'कासव' मी लॉकडाऊनमध्ये पाहिला. त्याला एप्रिल २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं. आत्महत्येचा प्रयत्न करून पळालेला एक मुलगा, आलोक राजवाडे, आणि त्याला कोकणातल्या आपल्या घरी आणणारी जानकी, इरावती हर्षे, ती स्वतःही त्यातून गेलेली. समुद्रकिनारा, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ, म्हणजे मोहन आगाशे, जे खऱ्या आयुष्यातही मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि या सिनेमाचे निर्मातेसुद्धा. गंमत म्हणजे त्याच एप्रिलमध्ये नवीन मानसिक आरोग्य कायद्यावर सही झाली, ज्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं, त्याला आरोपी करून पिडायचं नाही, असं ठरलं. सिनेमा म्हणून मला 'कासव' थोडा जास्त शहाणा वाटला, 'देवराई'त जो खरबरीतपणा आहे तो मला जवळचा. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जानकी त्या मुलाच्या मागे लागत नाही. काय झालं, कशाने झालं, कधी बरा होणार, काही नाही. घरात जागा देते, जेवायला देते, थांबते. कासवीण अंडी घालून समुद्रात परत जाते, पण किनाऱ्यावर कोणीतरी जाळी लावून, कोल्हे-कुत्री हाकलत बसलेलं असतं म्हणून पिल्लं पाण्यापर्यंत पोहोचतात. कोकणात वेळास गावी हे २००२ पासून खरोखर चालू आहे. लोक व्हिडिओ काढतात तो पिल्लांचा, जाळीवाल्याचा कोणी काढत नाही.

सुमित्राताई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. तेव्हा रोजच कोणी ना कोणी जात होतं, नाशिकमध्ये त्या महिन्यात काय चाललं होतं ते आठवायचं पण नाही. आईला बातमी सांगितली तर म्हणाली, "त्या डॉक्टर होत्या का गं?" म्हटलं नाही, समाजकार्याचं शिकलेल्या. "तरीच," म्हणाली.

२०२५ च्या शेवटी तपोवनातल्या झाडांचं प्रकरण झालं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं काढायचा प्रस्ताव, मग लोक रस्त्यावर. मामा रोज पेपरमध्ये तेवढंच वाचायचा आणि मला भीती वाटायला लागली, कारण झाडं आणि मामा आणि 'आता आले बघ' हे मी तेराव्या वर्षी ऐकलेलं आहे. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, झोपतोय का? जेवतोय का? मग काही नाही, त्याला वाईट वाटतंय, अख्ख्या गावाला वाटतंय तसं. मला हे किती दिवस पुरलं माहितीये? मामाला नुसतं वाईट वाटू शकतं, आजार नसताना.

तर मागच्या रविवारी त्या बूटवाल्या मुलाच्या निमित्ताने मी रात्री लॅपटॉपवर 'देवराई' लावला. आई गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर लवकर झोपते, ती पहिल्या दहा मिनिटांतच घोरायला लागली. मामा या वेळी खुर्चीवर बसला, माझ्या शेजारी, बासष्ट वर्षांचा, स्वेटर घालून. मी मधून मधून त्याच्याकडे बघत होते आणि तो पडद्यावरच्या हातांकडे. आठ वाजता त्याच्या मोबाईलचा अलार्म वाजला. मी उठणार तर म्हणाला बस तू. स्वतः आत गेला, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, फिल्टरचा नळ, मग बराच वेळ काहीच नाही, माझं अर्धं लक्ष तिकडे. मग आला, स्वेटरला हात पुसत बसला, आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणाला,

"मागे घे जरा. माझं मधलं राहिलं."